मृत्यूचा नकाशा आणि घरभाडे

नगराचा सरासरी मृत्युदर ही पुष्कळदा फसवी संख्या असते. श्रीमंत वस्तीचे आरोग्य आणि गरीब वस्तीचे मरण तिच्यात एकजीव होऊन जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसने ही सरासरी फोडून पाहिली. म्हणूनच तो इतिहास आजही अभ्यासण्याजोगा आहे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. रोग संसर्गाने पसरतो हे सिद्ध झाले. परंतु जंतू जर श्रीमंत-गरीब असा भेद जाणत नाही, तर मृत्यू ठराविक वस्त्यांतच का साचावेत? शाँझेलिझेलगतच्या आठव्या विभागापेक्षा बेलव्हिलच्या कामगारवस्तीत क्षयाने मरणाऱ्यांचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते. १८९४ पासून पॉल ज्युयरा यांच्या देखरेखीखाली नगरातील सुमारे ८० हजार घरांची आरोग्यनोंद घरागणिक ठेवली जाऊ लागली. त्याच त्या घरांत क्षय पुनःपुन्हा बळी घेत असल्याचे तीवरून दिसून आले. अंधार व कोंदट हवा हेच याचे कारण, असा निष्कर्ष ज्युयरा यांनी काढला.

तो खोटा नव्हता, पण अपुरा होता. फ्रान्समध्ये १७९८ पासून घरांच्या दारे-खिडक्यांवर कर होता आणि तो १९२६ पर्यंत टिकला. उजेड हीच जेथे करपात्र वस्तू, तेथे गरिबाच्या वाट्याला अंधार येणे हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. अपुरी मजुरी, निकृष्ट अन्न आणि एका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबे यांची नोंद मात्र घराच्या नकाशात उमटत नव्हती.

उपाय ठरला तो पाडापाडीचा. अनारोग्यकारक म्हणून घोषित झालेल्या वस्त्यांपैकी पहिल्या क्रमांकाच्या बोबूरमधील घरे १९३० नंतरच्या दशकात पाडण्यात आली. ती जागा दीर्घकाळ मोटारी उभ्या करण्यास वापरली गेली आणि १९७७ साली तेथे पाँपिदू कला-केंद्र उघडले. घर पाडल्याने भाडेकरूची मिळकत वाढत नसते. परवडेल अशी दुसरी अंधारी खोली शोधणे त्याला भागच पडते.

भारतात २०१८ पासून क्षयरुग्णांना पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० झाली. औषधाइतकेच अन्नही आवश्यक आहे, याची ही कबुलीच होय. तथापि रुग्ण बरा होऊन त्याच कोंदट खोलीत परतणार असेल, तर ती कबुली अर्धवटच ठरेल. क्षयाचा हिशेब मांडताना मजुरी आणि घरभाडे यांचे रकाने कोरे ठेवून चालणार नाही.