पद्मिनीचा गिअर अडतो तेव्हा
कुर्ल्यात बनलेली माझी प्रीमिअर पद्मिनी आता वसईत, पापडीला असते. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. गिअर अडला की मेकॅनिक लगेच ‘बॉक्स उतरवू’ म्हणतात. माझं ऐकाल तर घाई नको. आधी इंजिन बंद ठेवून चारही गिअर टाकून बघा. तेव्हा अलगद पडतात, पण इंजिन चालू असताना खरखरतात? मग क्लच पुरता सुटत नाही. बंद गाडीतही अडतात? दांड्यापासून खाली जाणाऱ्या सळ्या आणि त्यांचे बुश तपासा. आमच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजतात, बुश झिजतात. फक्त दुसराच करकरत असेल, तर सिंक्रो रिंगवर संशय घ्या. गिअर ऑइल फडक्यावर गाळलं की पितळी कण चमकतात, ते बहुधा तिचेच. पहिल्याला सिंक्रो नाहीच. गाडी थांबल्यावरच तो टाकायचा. हे आमच्या चिरंजिवांना अजून पटलेलं नाही.