भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि खाटेवरचा रुग्ण

रुग्णालय निवडताना आपण डॉक्टरांची ख्याती विचारतो, खर्चाचा अंदाज घेतो, घरापासूनचे अंतर पाहतो. तेथे रुग्णाची ओळख कशी पटवतात, औषध देण्यापूर्वी कोण काय तपासते, हे मात्र क्वचितच विचारतो. वस्तुतः रुग्णाची सुरक्षितता बऱ्याच अंशी अशाच साध्या गोष्टींवर अवलंबून असते.

या विचाराला शंभर वर्षांचा इतिहास आहे. 1917 साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने रुग्णालयांसाठी एका पानात मावतील असे किमान निकष ठरविले. शंभर व त्याहून अधिक खाटांच्या 692 रुग्णालयांची तपासणी झाली, तेव्हा केवळ 89 उत्तीर्ण झाली. नापास झालेल्यांत नामांकित संस्थाही होत्या. त्यांची नावे बाहेर पडू नयेत म्हणून 1919 मध्ये ती यादी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. यादी जळाली, निकष मात्र टिकले.

आपल्याकडे हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत असलेले 'एनएबीएच' हे मंडळ करते. रुग्णालयाची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. हे मानांकन मात्र सर्वसाधारणपणे ऐच्छिक आहे. रुग्णाची ओळख खाटेच्या क्रमांकावरून न पटवता नाव व नोंदणी क्रमांक अशा दोन खुणांनी पटवावी, दिसायला वा उच्चारायला सारखी औषधे वेगळी ठेवावीत, फोनवरचा तोंडी आदेश लिहून घेऊन परत वाचून दाखवावा, चुकांची नोंद दडपू नये, अशी ही शिस्त आहे.

अशा शिस्तीने प्राण वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासणी-सूची दिली. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली असता शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले.

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. त्यात कोणाच्या सचोटीवर संशय नसतो. माणूस थकतो, घाईत असतो, याची जाणीव असते. मात्र ऑडिटर येणार म्हणून आदल्या रात्री रजिस्टरे पूर्ण करणारी शाखा आणि रोजची नोंद रोज करणारी शाखा यांत जो फरक, तोच रुग्णालयांतही असू शकतो. म्हणूनच केवळ प्रमाणपत्र पाहून निश्चिंत होऊ नये. ते पूर्ण मानांकन आहे की प्राथमिक पातळीचे, त्याची मुदत केव्हा संपते, हे पाहावे. परिचारिकेने इंजेक्शनपूर्वी नाव विचारले, तर त्रासून न जाता स्पष्ट सांगावे. न विचारल्यास आपणच नम्रपणे आठवण द्यावी.

धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांना व दात्यांना एक विनंती. इमारत आणि यंत्रे यांसाठी देणग्या मिळतात, कारण त्यांवर नावाची पाटी लागते. परिचारिकांचे प्रशिक्षण, हात धुण्याची सोय, नोंदी तपासणारा माणूस यांवर पाटी लागत नाही. तरीही ज्याचे प्राण त्यामुळे वाचतील, त्याच्यासाठी तेच सर्वांत मोठे दान ठरेल.