न घालताच झिजलेले स्नीकर्स

पायात घालून झिजलेला बूट बहुधा दुरुस्त होतो. खोक्यात जपून ठेवलेला बूट मात्र काही वर्षांनी बाहेर काढावा, तर सोलचा भुगा हातात येतो. कोकणात हा दुसरा प्रकार जास्त. चिपळूण सोडून परशुराम घाट चढला की खेड तालुक्यातलं लोटे लागतं. रासायनिक कारखान्यांची ही औद्योगिक वसाहत. आसपासच्या गावांतली मुलं इथे नोकरीला लागतात. पहिल्या काही पगारांतून, नाहीतर आखातातल्या मामाच्या बॅगेतून एखादा नावाजलेला जोड घरात येतो आणि ‘चांगला’ म्हणून बाजूला पडतो. लग्नाला, शिमग्याला तेवढा निघतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत बंद कपाटातली दमट हवा बुटाचं काय करते, ते आधी समजून घेतलं तर ब्रश आणि गोंदावरचा पुष्कळ खर्च वाचतो.

आधी सोल ओळखा

स्नीकरचे ढोबळ तीन भाग: वरचा अपर, जमिनीला टेकणारा रबरी आउटसोल आणि मधला मिडसोल. जोड वाचणार की नाही, हे मिडसोल ठरवतो.

कॉन्व्हर्सचा ऑल स्टार, १९६९चा आदिदास सुपरस्टार, १९८५चा एअर जॉर्डन १ हे सगळे प्रामुख्याने रबरी सोलचे बूट. रबर पिवळं पडतं, कडक होतं, पण सहसा भुगा होत नाही. पळण्याच्या हलक्या बुटांत ईव्हीए नावाचा फोम असतो. तो दबून बसतो, उसळी हरवतो, तरी बऱ्यापैकी टिकतो. खरी अडचण पॉलियुरेथेनची, म्हणजे पीयूची. १९८८चा जॉर्डन ३, १९८९चा जॉर्डन ४ आणि त्या घराण्यातले अनेक बूट याच फोमवर उभे आहेत. संग्राहकांच्या लाडक्या जोडांपैकी बरेच या गटात येतात, हे दुर्दैव.

बुटांत वापरलेलं पीयू बरेचदा पॉलिएस्टर जातीचं असतं. त्यातले एस्टर बंध पाण्याने तुटतात. या क्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात, हे लोट्यातल्या कुठल्याही प्लांट ऑपरेटरला सांगायला नको. बंध तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने घडवतं. जी क्रिया कारखान्यात रिअॅक्टर तापवून करतात, ती इथे कपाटात, सावकाश आणि फुकट चालू राहते. उष्णता आणि दमटपणा दोन्ही हजर असल्यावर आणखी काय हवं? पॉलिईथर जातीचं पीयू पाण्याला जास्त दाद देत नाही, पण आपल्या बुटात कुठलं आहे ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

तपासणी सोपी आहे. मिडसोलवर अंगठा दाबा. चिकटपणा लागला, रंगाचे पापुद्रे सुटले किंवा बारीक करकर ऐकू आली, तर आतून क्रिया सुरू झाली आहे. बूट वाकतो त्या रेषेवर केसासारख्या भेगा दिसतात का पाहा. दिसल्या तर तो जोड घालून चालू नका. ही क्रिया उलटी फिरवणारं कुठलंही रसायन नाही. गोंद भरून, रंग लावून तो शोकेसमध्ये बरा दिसेल, पण पायाखाली टिकणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. कारखान्यातल्या सेफ्टी शूजचा सोलही पुष्कळदा पीयूचाच असतो. त्यामुळे स्टोअरमध्ये दोन-तीन पावसाळे पडून राहिलेला कोरा जोडही तळाशी सुटू शकतो. तो घरी चिकटवून ड्यूटीवर घालून जाऊ नका. आयएस १५२९८ या मानकाखाली तपासला गेलेला बूट एकदा उघडून चिकटवला की त्या तपासणीला अर्थ उरत नाही. पुढे लिहिलं आहे ते हौसेच्या बुटांसाठी.

धुणं

वॉशिंग मशीन नको. गरम पाण्याने आणि आपटण्याने जुना गोंद ढिला होतो.

लेस आणि आतला इनसोल काढा. कोरड्या ब्रशने माती झटका. लोट्याकडची लाल माती ओली असताना घासली तर कॅनव्हासच्या विणीत शिरून बसते, म्हणून ती पूर्ण वाळू द्यावी. मग वाटीभर कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे थेंब घालून फेस करा आणि फक्त फेसाने घासा. बुटात पाणी मुरवायचं नाही. चामड्याला मऊ ब्रश, रबरी कडेला जुना दात घासायचा ब्रश. रिठ्याचं पाणीही चालतं, पण ते तपकिरी असतं, पांढऱ्या कापडावर नको. मिडसोलवरचे काळे ओरखडे मेलामाइनच्या पांढऱ्या स्पंजने जातात. तो स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपर असतो, चकाकत्या चामड्यावर फिरवला तर चकाकी घेऊन जातो.

स्वेडला पाणी शक्यतो लावूच नये. ब्रश, साधा खोडरबर आणि फार झालं तर किटलीची वाफ.

पांढरा कॅनव्हास धुतल्यावर वाळताना पिवळे डाग उमटतात. साबणाचा अंश आणि गोंदातली द्रव्यं पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि ती कापडावर राहतात. शेवटचा हात थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्याचा द्या आणि ओल्या बुटावर पांढरे टिश्यू कागद चिकटवून सावलीत वाळवा, म्हणजे डाग कागदावर जातो. बुटाच्या आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई लागते. श्रावणात असा जोड पंख्याखाली दोन दिवस तरी मागतो. घाई झाली म्हणून चुलीजवळ ठेवला तर सोल सुटलाच समजा.

लेस डाग काढायच्या ऑक्सिजन पावडरच्या कोमट पाण्यात तासभर भिजवल्या की पुरे.

बुरशी आणि पुराचा चिखल

बुरशी दिसली की बूट घराबाहेर न्या. आत झटकली तर तिचे बीजाणू शेजारच्या जोडावर बसतात. तोंडाला मास्क बांधून कोरड्या ब्रशने काढा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. रंगीत चामड्यावर आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहा, काही रंग अल्कोहोलने उतरतात. इनसोल मात्र टाकून द्या. बुरशी त्याच्या फोममध्ये खोल गेलेली असते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा घराघरांतल्या आणि दुकानांतल्या बुटांचं जे झालं ते अनेकांनी पाहिलंय. पुराचा गाळ अतिशय बारीक असतो आणि त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. इथे वरचा नियम उलटा होतो: गाळ वाळू देऊ नका, ओला असतानाच भरपूर स्वच्छ पाण्याने काढा, मग जंतुनाशक. पीयू सोलचा जोड पूर्ण बुडाला असेल तर त्यावर फार पैसे घालू नयेत, असं माझं मत.

पिवळेपणा

पांढरं रबर आणि पारदर्शक सोल ऊन आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे पिवळे पडतात. यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरण ही जोडी चालते. केस रंगवताना वापरायची ‘डेव्हलपर’ क्रीम ब्युटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळते. ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के. अपरला मास्किंग टेप नीट लावा, हातमोजे घाला, सोलवर क्रीमचा सारखा थर द्या, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा आणि उन्हात ठेवा. तासाभराने पाहा, क्रीम वाळत असेल तर पुन्हा लावा. थर कमी-जास्त झाला तर सोलवर ढगांसारखे पट्टे उमटतात आणि ते काढणं पिवळेपणा काढण्यापेक्षा अवघड.

हे काम दिवाळीनंतर करावं. जुलैत लोट्याला ऊन शोधत बसावं लागेल. आणि मे महिन्याच्या दुपारी सोल इतका तापतो की गोंद सैल होतो, तेव्हा सकाळचं ऊन बरं. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच अजिबात नको. त्याने पिवळेपणा वाढण्याचीच शक्यता जास्त.

सुटलेला सोल चिकटवणं

घरगुती दुरुस्तीत सर्वात जास्त चुकतं ते इथे, आणि पहिली चूक असते फेविक्विक. तो झटकन धरतो, पण वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. बुटाचा पुढचा भाग प्रत्येक पावलाला वाकतो, त्यामुळे काही दिवसांत तो तडकतो आणि शिवाय त्याचा कडक थर खरवडून काढावा लागतो.

मोची ज्याला ‘सोल्युशन’ म्हणतात तो सिंथेटिक रबरचा काँटॅक्ट गोंद इथे लागतो. फेविकॉलचा एसआर ९९८ किंवा फेविबॉण्ड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आधी जुना गोंद पूर्ण काढा. असिटोन लावलेल्या कापसाने तो मऊ होतो, पण असिटोन अपरवरचा रंगही काढतो, तेव्हा बेताने. रबरी बाजू ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि धूळ पुसून टाका. मग दोन्ही बाजूंना पातळ थर द्या. एकाच बाजूला जाड थर देऊन दाबणं ही दुसरी नेहमीची चूक. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेना, पण ओढ जाणवली, की वेळ झाली. हेअर ड्रायरने दोन्ही थर जरा तापवा आणि एकदाच, नेमके जुळवून दाबा. हा गोंद सरकवून जागेवर आणू देत नाही. वर घट्ट रबरी पट्टा किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून चोवीस तास ठेवा.

पावसाळ्यात याला एक खोड आहे. गोंदातला द्रावक उडताना थर गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं जमतं. डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण जोड कच्चा राहतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये चिकटवणं टाळा, नाहीतर थर ड्रायरने कोरडा केल्याशिवाय दाबू नका.

ईव्हीएवर हा गोंद नीट धरत नाही. त्याला आधी प्रायमर आणि मग पीयू गोंद लागतो. कारखान्यात रबरालाही चिकटवण्यापूर्वी क्लोरीन देणारं प्रायमर लावतात. ते घरी करायचं काम नव्हे.

द्रावकांबद्दल लोट्यात वेगळं सांगायची गरज पडू नये, तरी सांगतो. १९७०च्या दशकात इस्तंबूलच्या बूट कारागिरांमध्ये बेन्झिनयुक्त गोंदामुळे रक्ताच्या कर्करोगाची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवली. जपान आणि इटलीत हेक्सेनमुळे बूट कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी झाल्या. तेव्हा पडवीत किंवा अंगणात काम करा. जवळ गॅस, समई, उदबत्ती काही नको. कंपनीतून लेबल नसलेली बाटली भरून आणण्याचा विचारही नको. उरलेलं द्रावक मोरीत ओतू नये. वसाहतीत सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र आहे, आपल्या मोरीला ते जोडलेलं नाही.

सोल बदलणं

अपर धडधाकट आणि पीयू मात्र संपलेलं, अशा जोडासाठी संग्राहक त्याच मापाच्या नव्या, स्वस्त जोडाचा सोल काढून जुन्या अपरला बसवतात. दोन जोडांचा खर्च आणि पुष्कळ वेळ लागतो, म्हणून ज्याला भावनिक किंवा पैशाची खरी किंमत आहे त्याच बुटाला हे करावं.

सोलच्या कडेने टाके घालायचे असतील तर आपला चर्मकार घरच्या हौशी माणसापेक्षा कितीतरी सरस. आरी, रापी आणि मेण लावलेला दोरा यांवर त्याचा हात बसलेला असतो. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४पासून राज्यात आहे, आणि गटई कामगारांना अनुदानातून पत्र्याचा स्टॉल देण्याची शासनाची योजनाही आहे. रस्त्याकडेचे पत्र्याचे बरेच स्टॉल असे आलेले असतात. महागडा बूट त्यांच्याकडे देताना एकच करा: टाके आधीच्याच भोकांतून घालायला सांगा. नवी भोकं पाडली तर रबरी कड तिथे फाटते.

रंग

चामड्याचा रंग उडाला असेल तर आधी असिटोनने जुनी चकाकी हलकी उतरवा आणि चामड्यासाठीच बनवलेला अॅक्रिलिक रंग लावा. अमेरिकेतल्या अँजेलससारख्या कंपन्यांचे रंग ऑनलाइन मिळतात. शाळेच्या पोस्टर कलरने दिसायला काम होतं, पण पहिल्याच वळीला पापुद्रे निघतात. चार-पाच अगदी पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा.

विकायचा विचार असेल तर मात्र जास्त हात लावू नका. मायकल जॉर्डनने १९९८च्या एनबीए अंतिम फेरीत घातलेला एअर जॉर्डन १३चा जोड एप्रिल २०२३मध्ये सदबीजच्या लिलावात २२ लाख डॉलरना गेला. तो वापरलेलाच जोड होता. आपल्या बुटाला तो इतिहास नाही हे खरं, तरीही ग्राहकाला मूळ रंग हवा असतो. रंगवलंय, सोल बदललाय, ते स्पष्ट सांगून विका.

पावसाळ्यात ठेवणं

भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट ही सर्वात वाईट जागा. भिंत पाझरते, पत्र्यावर दव धरतं. बूट माळ्यावरही नकोत, उन्हाळ्यात कौलाखाली किंवा पत्र्याखाली भयंकर उष्णता असते. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, ते डब्यात टाका. काटा ६५ टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशीला रान मोकळं. फार कोरडं करणंही बरं नव्हे, चामडं आणि गोंद तडकतो. ५० टक्क्यांच्या आसपास ठीक. दर आठ-पंधरा दिवसांनी डबा उघडून जोड घरात घालून थोडं फिरावं.

सिलिका जेल रंग बदलणारं घ्या. ओलं झालं की निळं गुलाबी होतं, केशरी हिरवं होतं. केशरी घ्यावं, कारण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. ओव्हन नसेल तर जुनी कढई मंद आचेवर ठेवा आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.