चक्रवाती विलगकातील भोवरा आणि संगणकाचे गणित

कारखान्यात ज्याला नुसते 'सायक्लोन' म्हणतात, ते धूलियुक्त वायूतून कण वेगळे काढणारे चक्रवाती विलगक बाहेरून पाहता अगदी साधे दिसते. त्यात फिरणारा एकही भाग नाही. वायू स्पर्शरेषेच्या दिशेने आत शिरतो, भिंतीलगत गिरक्या घेत शंकूच्या टोकाकडे उतरतो व मधल्या भोवऱ्यातून वर चढून बाहेर पडतो. कण भिंतीकडे फेकले जाऊन खालच्या पेटीत जमतात. स्टेअरमंड यांनी १९५१ साली दिलेली प्रमाणे आजही आराखड्यासाठी घेतली जातात. असे असूनही संगणकाला हा प्रवाह बराच काळ नीट सोडविता आला नाही. अडचण कणांची नव्हती, वायूची होती.

अक्षापासून १० सेंटिमीटरांवर वायूचा स्पर्शरेषीय वेग सेकंदाला २० मीटर असेल, तर तेथील केंद्रोत्सारी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४०० पट होते. पाण्याच्या दुप्पट घनतेचा २ मायक्रॉन व्यासाचा कण त्यामुळे सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर वेगाने बाहेर सरकतो. वायूचा आतल्या दिशेचा ओघ त्याला उलट खेचीत असतो. आता गणिताने हाच वेग २० ऐवजी १० मीटर ठरविला, तर कणाचे सरकणे एकदम चौथाईवर येते. आणि आतला ओघ तोच धरल्यास, ज्या व्यासाचे निम्मे कण पकडले जातात तो व्यास दुप्पट निघतो.

अशी चूक केवळ काल्पनिक नव्हे. सर्वत्र रूढ असलेले के-एप्सिलॉन प्रतिमान संक्षोभजन्य श्यानता सर्व दिशांना सारखीच मानते. तीव्र भोवऱ्यात हे गृहीत टिकत नाही, कारण गाभ्याजवळ परिभ्रमणच त्रिज्येच्या दिशेचे मिश्रण दाबून टाकते. परिणामी गणितातील वायू घन पदार्थासारखा एकसंध फिरतो. प्रत्यक्षात वेग अक्षापासून वाढत जाऊन शिखर गाठतो व पुढे भिंतीकडे उतरतो. बॉयसन, एअर्स आणि स्विदनबँक यांनी १९८२ मध्येच हा दोष ओळखून प्रतिबलांची बैजिक समीकरणे वापरली. रेनॉल्ड्झ प्रतिबलांच्या सहाही घटकांसाठी स्वतंत्र समीकरणे सोडविण्याचा मार्ग महाग खरा, पण हूकस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लेझर-डॉप्लर मापनांशी केलेल्या तुलनेत तोच समाधानकारक ठरला.

धुळीचे प्रमाण वाढले की आणखी एक गाठ पडते. धूळ मिसळल्यावर उपकरणातील दाबाची घट वाढेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती बहुधा कमी होते, कारण कण भोवऱ्याचाच वेग मंदावतात. कणांना वायूचे निव्वळ प्रवासी मानणाऱ्या गणितात ही घट दिसणे शक्यच नाही.