गाडीचा गंज आतून येतो

पावसाळा सरला की वाकडच्या सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी गाड्या धुण्याचा कार्यक्रम सुरू होतो. गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर दाराच्या खालच्या काठाला किंवा चाकावरच्या मडगार्डच्या कडेला मसुराच्या डाळीएवढा फुगवटा हाताला लागतो. वरचा रंग शाबूत असतो, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. फार तर पेंटरकडून वरच्यावर रंग मारून घेतो. पुढच्या पावसाळ्यात तोच फुगवटा रुपयाच्या नाण्याएवढा होऊन परत येतो. असे का होते, ते आज पाहू.

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र मिळाले की गंज चढतो. पाण्यात क्षार असतील तर हे काम अधिक वेगाने होते. म्हणूनच मुंबईची किंवा कोकण किनाऱ्यावरची जुनी गाडी घेताना जाणकार मंडळी इंजिनाआधी पत्रा बघतात. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला खालून वर ढकलतो आणि फुगवटा दिसतो. म्हणजे फुगवटा दिसला, तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा, त्यात किती दम असणार?

आता हे पाणी येते कुठून? काचेच्या रबरातून पाणी दाराच्या आत उतरतच असते. ते बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोके ठेवलेली असतात. धूळ आणि पालापाचोळ्याने ती बुजली, की दार आतून भिजत राहते. मडगार्डच्या आतल्या वळणावर चिखल थापला जातो आणि तो फडक्यासारखा ओल धरून ठेवतो. आपल्या भागात बांधकामे सतत चालू, रस्त्यावर माती आणि सिमेंटचा राडा, त्यामुळे हा थर लवकर जमतो. पायाखालचे गालिचे, डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा पत्रा ही आणखी तीन ठिकाणे. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली, तर क्षारही मागे राहतात. आणि ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे कव्हर घालणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे.

कारखान्यात यावर उपाय केलेला असतो. गाडीचा पूर्ण सांगाडा प्रायमरच्या मोठ्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने तो प्रायमर कानाकोपऱ्यात बसवतात. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६०च्या दशकात ही पद्धत मोटारींसाठी वापरात आणली. आज पिंपरी-चाकण पट्ट्यात हे रोजचे काम आहे. अनेक गाड्यांना जस्त चढवलेला पत्राही वापरतात. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण दगड उडून टवका गेला, किंवा अपघातानंतर पत्रा ठोकून सरळ केला, की ते कवच तिथे तुटते. गॅरेजमध्ये मारलेला रंग बाहेरून कितीही चकाकला, तरी आतल्या बाजूला तो पोचतोच असे नाही.

तेव्हा इलाज करण्यापूर्वी गंज कोणत्या पायरीवर आहे, ते ओळखावे. नुसता तांबूस थर असेल, तर काम घरीही होते. पॉलिश पेपरने घासून पत्रा पांढरा, चकचकीत दिसेपर्यंत खरवडावा. जागा पूर्ण कोरडी करावी. खोल टिपक्यांत गंज उरला तर गंजरोधक द्रावण लावावे. मग जस्तयुक्त प्रायमर आणि शेवटी रंग. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नये. दमट हवेत तो लगेच पुन्हा लालसर होतो.

पापुद्रे सुटत असतील, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पाहा. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला भदभद आवाज करतो. भोक पडले असेल, तर सडका भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच खरा मार्ग. भोकावर फायबर आणि पुट्टी, जिला पेंटर लांबी म्हणतात, ती भरून रंग मारला तर गाडी विकण्यापुरती छान दिसते. जुनी गाडी घेताना फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दाराच्या काठावरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे असे समजा. बंपर मात्र प्लॅस्टिकचेच असतात, हे लक्षात ठेवा.

इथे प्रश्न केवळ दिसण्याचा उरत नाही. ट्रकला किंवा जुन्या जीपला वेगळी चासी असते. पण १९८३ साली आलेली मारुती ८०० असो वा पुण्याच्या मातीत घडलेली इंडिका, अशा मोटारींत पत्र्याचा सांगाडा हीच चासी. दारांखालच्या पोकळ पेट्या, फ्लोअर, सीटबेल्ट जिथे आवळलेला असतो तो भाग, सस्पेन्शन बसवलेली जागा, हे सडले असेल तर धडकेच्या वेळी आत बसलेल्या माणसांना आधार उरत नाही. जॅक लावताना पत्रा चेपला जात असेल, तर तो इशारा समजावा. असे वेल्डिंग जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, बॅटरीची तार काढून आणि पेट्रोलची टाकी सांभाळून.

पुष्कळजण गाडीखाली जळके ऑइल मारून घेतात. ते रबराचे बुश खराब करते, ब्रेकवर गेले तर धोका, आणि पावसात धुऊन शेवटी मुळा नदीलाच मिळते. त्यापेक्षा खालची बाजू धुऊन, पूर्ण वाळवून मग अंडरकोटिंग करावे. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर केलेले कोटिंग गंज झाकते, थांबवत नाही.

खर्च कुठवर करावा? खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि २०२२पासून त्याचे शुल्कही बरेच वाढले आहे. दारे, मडगार्ड बदलता येतात. परंतु सांगाडाच दोन-तीन ठिकाणी सडला असेल, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी त्या गाडीत मुलाबाळांना घेऊन एक्स्प्रेस-वेवर जाऊ नये. २०२१च्या धोरणानुसार अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढल्यास मिळणारे प्रमाणपत्र नवी गाडी घेताना उपयोगी पडते.

पण तिथवर वेळ येऊ न देणे आपल्या हाती आहे. दसऱ्याला गाडीला हार घालण्यापूर्वी अर्धा तास द्या. गालिचे उचला, स्टेपनी बाहेर काढा, दाराखालची भोके काडीने मोकळी करा, मडगार्डच्या आत हात फिरवा. मसुराएवढा फुगवटा सापडला, तर त्याच आठवड्यात तो खरवडून काढा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)