कोन बदलला, बाई!

रत्नागिरी जिल्ह्याला पावसाचा रेड अलर्ट आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली आहे, आणि देवरूखच्या एका माध्यमिक शाळेतल्या गणिताच्या बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात दहावीचा वर्ग भरवत आहेत. जेवणाच्या टेबलावर दोन उंच डबे, त्यांवर आडवी लाकडी पट्टी आणि पट्टीला रबरबँडने बांधलेला फोन, कॅमेरा खाली कागदाकडे. मुलांना बाईंचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो हात, काळं स्केचपेन आणि पांढरा कागद.

‘‘चेहरा बघून काय करायचंय? हात दिसला की पुरे,’’ बाई मला सांगतात आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवतात. त्यावर वर्ग जमतोय. एका चौकटीत लिहिलंय ‘पप्पा’, दुसरीत ‘आई नवीन नंबर’, तिसरीत ‘दुकान’, चौथीत नुसतं फोनचं मॉडेल. फोन मुलांचे नाहीत, घरचे आहेत. कॅमेरे सगळ्यांचे बंद, कारण डेटा पुरवायचाय. बाई हजेरी आवाजावर घेतात. ‘दुकान’मधून उत्तर येतं तेव्हा मागे कुणीतरी अर्धा किलो साखर मागत असतं.

आज भूमितीतलं वर्तुळाचं प्रकरण आहे, अंतर्लिखित कोनाचं प्रमेय. कोनाचा शिरोबिंदू वर्तुळावर असेल, तर त्या कोनाचं माप समोरच्या कंसाच्या मापाच्या निम्मं भरतं. फळ्यावर हे शिकवताना एक आकृती निघते, शेजारी पक्ष, साध्य, सिद्धता, आणि मुलं ती आकृती वहीत उतरवतात. पुढे परीक्षेपर्यंत त्यांच्या डोक्यात तोच एक त्रिकोण तसाच उभा राहतो. आज बाईंनी ग्रुपवर जिओजेब्रा या भूमितीच्या ॲपची फाइल टाकली आहे. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन गणितज्ञाने 2001 मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात शिकताना हा प्रकल्प सुरू केला. तो मुलांना फुकट मिळतो, आणि इथल्या मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ॲप एकदा उतरवून घेतलं की रेंज नसतानाही चालतं.

फाइलमध्ये एक वर्तुळ आहे. त्यावर बी आणि सी हे बिंदू पक्के बसवलेत, त्यांच्यामधला छोटा कंस 80 अंशांचा. ए हा तिसरा बिंदू बोटाने वर्तुळावर सरकवता येतो, आणि ए जवळच्या कोनाचं माप शेजारी उमटत राहतं.

‘‘ए सरकवा. कोनाकडे लक्ष ठेवा. मी आता काही बोलणार नाही,’’ बाई म्हणतात आणि खरंच गप्प बसतात. पडवीच्या पत्र्यावर पाऊस आदळतोय.

‘‘बाई, चाळीसच आहे.’’

‘‘माझा पण चाळीस.’’

‘‘इकडे नेला तरी चाळीस.’’

बाई बोलत नाहीत. त्यांच्या हातातलं पेन टोपणासकट कागदावर टेकलेलं आहे. आणि मग ‘पप्पा’ नावाच्या चौकटीतून एक मुलगा जवळजवळ ओरडतो, ‘‘कोन बदलला, बाई! एकशेचाळीस झाला!’’

एकदम पाच-सहा माइक उघडतात. कुणी म्हणतं ॲप बिघडलं, कुणाचा अजून चाळीसच आहे, कुणाचा ए सीवर जाऊन अडकलाय.

‘‘कुठे गेल्यावर बदलला?’’

‘‘इथे, बाई.’’

‘‘इथे म्हणजे कुठे? मला तुझं बोट दिसत नाहीये रे बाळा.’’

तो थांबतो. ‘‘खाली आला ना, तिथे.’’

‘‘माझ्या फोनवर खाली वेगळं असेल. मी आकृती फिरवून ठेवली असेल तर?’’

पुन्हा शांतता, आणि ती बाई मोडत नाहीत. मला हा मुलगा समोर दिसत नाही, पण त्याच्या श्वासाचा आवाज येतोय. ‘‘बी... बी ओलांडला की. बी आणि सीच्या मधला जो लहान कंस आहे ना, त्याच्यावर ए आला, की एकशेचाळीस.’’

‘‘आत्ता मला दिसलं,’’ बाई म्हणतात.

अंतरावरून शिकवण्याने गणिताचं काय होतंय असं कुणी विचारलं, तर मी याच अर्ध्या मिनिटाकडे बोट दाखवीन. वर्गात हा मुलगा फळ्यापाशी गेला असता, ‘इथे’ म्हणाला असता आणि सगळ्यांना कळलं असतं. बोटाने काम भागलं की शब्दांची गरज उरत नाही. भूमितीची तर सगळी भाषाच बोट पुरत नाही तेव्हाच्या गरजेपोटी आली आहे: बिंदूंना नावं, लहान कंस, मोठा कंस, आतला, बाहेरचा. पडद्यापलीकडच्या माणसाला आपली आकृती नीट कळावी म्हणून ही मुलं आता ती भाषा बोलू लागली आहेत. पाठ करून नव्हे, अडल्यामुळे.

तेवढ्यात एकट्या बाईंना एक मेसेज येतो. पाठवणारी मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसते आणि कधी हात वर करत नाही, असं बाई माइक बंद करून मला सांगतात. तिने लिहिलंय: ‘आता समोरचा कंस मोठा झाला, 280 चा. त्याचे निम्मे 140.’ बाई तो मेसेज नाव न घेता वाचून दाखवतात, आणि लगेच कुणीतरी चाळीस आणि एकशेचाळीसची बेरीज करतं. पुस्तकात पुढे येणारा चक्रीय चौकोन, ज्याच्या संमुख कोनांची बेरीज 180 असते, तो मुलांनी असा दोन पानं आधीच गाठलाय.

दिवे जातात. वायफाय जातं. बाई फोनच्या डेटावर परत येतात तोवर वर्ग निम्मा झालेला असतो. डोंगराकडच्या वाडीतली चार मुलं तर सकाळपासून नाहीतच. तिथे पाऊस लागला की रेंज जाते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हापासून बाईंनी हे पाहिलंय. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला, 2021 मध्ये तर दहावीची परीक्षाच झाली नाही, आणि याच वाडीतली मुलं सड्यावर चढून फोन धरून बसायची. आज काहीतरी सुंदर घडलं, पण ते त्या चौघांना सोडून घडलं. हा हिशेब मला बाजूला ठेवता येत नाही आणि कुणी ठेवूही नये. उद्या शाळा भरली तर बाई हाच पाठ त्यांना फळ्यावर पुन्हा देणार आहेत, बिंदू सरकवण्यासाठी स्वतःचा फोन त्यांच्या हातात देऊन.

चहा घेता घेता मी विचारते, प्रत्यक्ष वर्गातलं सगळ्यांत काय आठवतं?

‘‘बाकांमधून चालणं,’’ बाई क्षणाचाही विचार न करता म्हणतात. ‘‘मुलाच्या मागे उभं राहिलं की खोडरबर कितव्या ओळीवर फिरतोय ते दिसतं. तिथेच त्याचं अडलेलं असतं. फोटोत खोडलेलं दिसत नाही.’’

म्हणून त्यांचा नियम आहे: खोडायचं नाही. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारायची आणि तशाच पानाचा फोटो पाठवायचा. रचनेतले कंपासचे कंसही पुसायचे नाहीत. पडद्यावर वर्तुळ एका स्पर्शात उमटतं, पण परीक्षेत भौमितिक रचना कंपासनेच करावी लागते, आणि कंपास घट्ट धरण्याची हाताची सवय ॲप लावत नाही. बाईंना आलेल्या फोटोंत एक दुभाजक इतक्या थोड्या अंतराच्या कंसांनी काढलाय की तो चक्क तिरका गेलाय. वर्गात बाईंनी मुलीचा हात धरून कंपास मोठा उघडून दिला असता. आता त्या फोटोवर लाल गोल करून परत पाठवतात.

बीजगणिताचा प्रश्न वेगळा आहे. फोनचा कॅमेरा समीकरणावर धरला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप आता साधी गोष्ट झाली आहे. घरून तिघांच्या वह्या अगदी एकसारख्या यायला लागल्या तेव्हा बाई रागावल्या नाहीत, त्यांनी प्रश्नच बदलला. आजचा गृहपाठ मी बघते. एक्सचा वर्ग बरोबर पाच एक्स हे वर्गसमीकरण बाईंनीच सोडवून पाठवलंय: दोन्ही बाजूंना एक्सने भागलं, म्हणून एक्स बरोबर पाच. खाली एवढंच लिहिलंय की यात एक उत्तर हरवलंय, ते कितव्या ओळीत हरवलं आणि का, ते बोलून सांगा. शून्य हे उत्तर कोणतंही ॲप देईल. पण एक्स शून्य असू शकतो, म्हणून त्याने भागायचं नसतं, हे स्वतःच्या तोंडाने सांगताना मुलाला ते कळलेलं असावं लागतं.

अंतरावरून शिकवणं तसं नवं नाही. ऑनलाइन शिकवण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या साल खानने 2004 मध्ये बोस्टनहून न्यू ऑर्लिन्समधल्या नात्यातल्या बहिणीला एककांचं रूपांतर फोनवरून शिकवायला घेतलं, मग शिकवण्या वाढल्या आणि पुढे त्याचे व्हिडिओ झाले. भावंडांना प्रत्यक्ष त्याच्यापेक्षा व्हिडिओ आवडले, कारण ते थांबवता येतात आणि तेच पुन्हा विचारायची लाज वाटत नाही. ही लाज जाणं मोठीच गोष्ट आहे. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचे व्हिडिओ इथली मुलंही थांबवत थांबवत बघतात. पण व्हिडिओ ‘इथे म्हणजे कुठे?’ असं विचारत नाही.

संध्याकाळी सातनंतर वडील घरी येतात, फोन पुन्हा मोकळे होतात आणि बाईंकडे उत्तरांचे आवाज यायला लागतात. दिवे अजून आलेले नाहीत. पहिल्याने शून्याचं कारण बरोबर सांगितलंय, पण ओळ चुकीची. दुसरा वाचून दाखवतोय, हे त्याच्या सुरावरून कळतं. तिसरा आवाज शेवटच्या बाकावरच्या मुलीचा. ती समीकरणाकडे वळतच नाही. सकाळच्या दोन कंसांची बेरीज 360, त्यांच्या निम्म्यांची 180, म्हणून चौकोन कसाही असला तरी संमुख कोनांची बेरीज तेवढीच, असं ती एका दमात सांगते.

बाई दोनदा ऐकतात, आणि फोन तोंडाजवळ धरतात. ‘‘छान. पण ‘कसाही चौकोन’ म्हणालीस. त्याचा एक कोपरा वर्तुळाच्या बाहेर गेला तर? ए सरकवून बघ, आणि मला उद्या सांग.’’ मग त्यांच्या लक्षात येतं की त्या फाइलमध्ये ए वर्तुळ सोडून जात नाही, आणि नवी फाइल करायला त्या लॅपटॉपची किती बॅटरी उरली आहे ते बघतात.