घोटा कुरकुरतोय? आधी चप्पल बघा!

दोन्ही पावलांत मिळून 52 हाडं. म्हणजे अंगातल्या 206 हाडांपैकी पाव हिस्सा तळाशीच! शिवाय एकेका पावलात तीसहून जास्त सांधे. तरी 'सांधे झिजले' म्हटलं की जो तो गुडघाच चाचपतो.

घोट्याची तर वेगळीच तऱ्हा. चालताना तो अंगाच्या वजनाच्या जवळपास पाचपट भार पेलतो आणि त्याच्या कूर्चेचं अस्तर असतं जेमतेम दीड मिलिमीटर. गुडघ्याच्या वाटीमागे तेच पाच-सहा मिलिमीटरपर्यंत भरतं. एवढं असूनही नुसत्या वयानं घोटा फारसा झिजत नाही. झिजलाच, तर बहुतेकदा जुनं फ्रॅक्चर किंवा पुन्हापुन्हा मुरगळणं निघतं. कबड्डीत मुरगळलेला पाय कित्येक वर्षांनी हिशोब मागतो. आंबेहळदीचा लेप थापून तिसऱ्या दिवशी मैदानात उतरणारे वीर ऐकताहेत ना?

पावलात झीज सर्वाधिक आढळते ती अंगठ्याच्या मुळाशी. पाऊल उचलताना अंगठा वर वळावा लागतो. सांधा ताठरला की तिथेच कळ. म्हणून हातात धरून सहज दुमडणारी मऊ चप्पल इथे कुचकामी, मग ती कितीही गुबगुबीत असो. तळ हवा कडक आणि पुढे होडीच्या नाळेसारखा वर वळलेला. मग अंगठा न वाकवताच पाऊल पुढे सरकतं. बोटांना ऐसपैस जागा हवी. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात.

काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची? छे, विरुद्ध हातात!

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो, सुटतो, तेव्हा आतल्या वंगणातून तिचं पोषण होतं. म्हणजे खाटेवर पडून राहणं हा उपाय नव्हे. पोहा, सायकल चालवा, बसल्याबसल्या घोटा फिरवा.

सांध्यांबद्दलचा एक समज जाता जाता: बोटं मोडल्यानं संधिवात होतो म्हणतात. अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड अंगर यांनी साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. संधिवात दोन्ही हातांना नाही! 2009 मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

घोट्याला कशानंच आराम पडला नाही तर शस्त्रक्रिया: घोट्याची हाडं स्क्रूनं कायमची जोडून टाकतात. दुखणं बहुधा जातं, सपाट रस्त्यावर चालही बरी राहते. फक्त वाकण्याचं काम शेजारच्या सांध्यांवर पडतं आणि काही वर्षांनी तेच कुरकुरू लागतात.